ओडेसाबाई संध्याकाळी कुठं बसायची

छपरीचं माप घ्यायला नत्थू मिस्त्री आला, त्या वेळी दीक्षा कॉलेजात अमेरिकेतल्या छपऱ्या कशा नाहीशा झाल्या तेच शिकवत होती.

विषयाचं नाव भारदस्त होतं, अमेरिकन सांस्कृतिक अभ्यास. एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला तो ऐच्छिक होता आणि दीक्षा तो तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे, सुट्ट्या लागल्या की हात मोकळे. फळ्यावर तिनं एक घर काढलं होतं. पुढं लाकडी खांब, उतरतं छप्पर, दोन झुलत्या खुर्च्या, रस्त्यावर उतरायला पायऱ्या. वर इंग्रजीत लिहिलं होतं, फ्रंट पोर्च.

"आपल्याकडे ह्याला काय म्हणाल?"

"व्हरांडा," कुणीतरी म्हणालं. "गॅलरी," दुसरं.

"आमच्याकडे जरीपटक्यात ह्याला छपरी म्हणतात," दीक्षा म्हणाली.

मागच्या बाकावर खसखस पिकली. हल्ली केस रंगवून, बाइकचं पुढचं चाक उचलून फिरणाऱ्या पोरांना छपरी म्हणायची पद्धत आहे, हे दीक्षाला ठाऊक होतं. तिनं त्यांना हसू दिलं.

"झालं हसून? त्या पोरांच्या घराला बसायला पुढची जागा राहिली नाही म्हणून ती चौकात बसतात. हाही अभ्यासाचाच विषय आहे. कोणाला प्रकल्पाला हवा असेल तर घ्या."

रितिका पुढच्या बाकावरची, बोलायला फटकळ. "मॅडम, आमच्या फ्लॅटला पुढचं असं काही नाहीच. दार उघडलं की लिफ्ट."

"मग लिफ्टची वाट पाहताना कोण कोणाशी काय बोलतं ते बघ."

"कोणी बोलत नाही. सगळे मोबाइलमध्ये."

"तेच लिहून आण."

"मॅडम, तुम्ही गेल्या आहात अमेरिकेला?"

हा प्रश्न दर वर्षी एकदा यायचाच. "नाही," दीक्षा म्हणाली. "इतिहासाच्या सरांनी मोगलांना कुठं पाहिलंय?"

ती स्कुटी घेऊन घरी पोचली तर छपरीत नत्थू मिस्त्री गुडघ्यावर बसून टेप धरत होता आणि टेपचं दुसरं टोक तिच्या सासूबाईंनी, कौसल्याबाईंनी, पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. हातात मैत्री होती ना. मैत्री म्हणजे दीक्षाची लेक. रांगायला लागल्यापासून तिला हातातून खाली ठेवायची सोय राहिली नव्हती. छपरी रस्त्यापासून चांगली उंच होती, कडेला कठडा नव्हता, आणि पोरीला खाली सोडली की ती नाकासमोर थेट त्या कडेकडेच निघायची. खालून गल्लीतल्या गाड्या सुसाट जात. तेव्हा छपरीत बसायचं म्हणजे एकानं पोरगी धरून बसायचं, असा घरचा नियमच झाला होता.

"आली का वं?" कौसल्याबाईंचा चेहरा पडला. "घ्या, झालं. सरप्राइज होतं तुह्यासाठी. हा बुढा सकाळी येतो म्हणे, आन् टपकला आता, तुह्या येण्याच्या टायमाले."

"मिस्त्री लवकर आला त बोलणी, उशिरा आला त बोलणी," नत्थू टेप गुंडाळत म्हणाला. "जय भीम, मॅडम."

"जय भीम. कशाचं माप, आई?"

"तुह्या खोलीचं. इकडून भिंत, इकडून काचा, तिकडं दार. टेबल लागते, पंखा लागते. उन्हाळ्यात खिडकीत कुलर बसते. दार लावलं का कोणाची कटकट नाही."

दीक्षानं पोरीला घेतलं आणि तशीच उभी राहिली. घर तसं लहान. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. सासरे गेल्यावर घर पक्कं झालं तेव्हा गल्लीतल्या बहुतेकांनी पुढची जागा आत ओढून खोल्या वाढवल्या होत्या. कौसल्याबाईंनी मात्र छपरी सोडायला लावली होती. आता वर्षावास सुरू होता. पावसाळ्याच्या ह्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका पांढरी पातळं नेसून इथंच जमायच्या, आधी वंदना व्हायची, मग ग्रंथवाचन. ज्यांना वाचता येई त्या पाळीपाळीनं वाचत, बाकीच्या ऐकत. मग चहा, आणि चहानंतर गल्लीची खबरबात. ती ग्रंथाहून लांबायची.

"तुम्ही सगळ्या कुठं बसाल मग?"

"विहारात बसू. नाही त शेजारच्या शालिकरामच्या गच्चीवर."

"तुमचे गुडघे गच्ची चढतात?"

"थे मी पाहीन. तू तुहं पुस्तक पाय."

दीक्षाचा नवरा संघपाल हिंगण्याला एका कंपनीत होता. कंपनीची बस त्याला चौकात सोडायची. तो आला, चपला काढल्या, आणि आईचा चेहरा बघूनच समजला की बिंग फुटलं.

"नाराज आहे का?" जेवताना त्यानं हळूच विचारलं.

"नाही. पण मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं त तू नाही म्हटली असती. तू त्या पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून लिहून राहिली, पोरगी वायर ओढून राहिली. मले पाहावत नाही. आन् गोष्ट आईनंच काढली. मी म्हटलं, आई, तुहं बसणं जाईन. थे म्हणे, माह्या बसण्यानं घरात कोणी डॉक्टर होऊन राहिलं का?"

दीक्षाला हसू आलं. खोटं कशाला, तिला आनंदही झाला होता. स्वतःची खोली, दार असलेली! तिचा पीएच.डी.चा प्रबंध अमेरिकेतल्या पोर्चवर होता, पाच प्रकरणं झाली होती आणि सहावं, शेवटचं, मैत्रीच्या जन्मापासून अडलं होतं. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती. दिवाळीच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. मग कायम नोकरीची जाहिरात निघो की न निघो, तिला काय त्याचं? जन्मभर तासिका.

तिचे मार्गदर्शक रवींद्र सर शांत गृहस्थ होते. बोलायचे कमी, पण बोलले की कागदावर लाल रेघ ओढल्यासारखं.

"पाचही प्रकरणं नीट आहेत," ते म्हणाले. "छपरी का गेली? एसी आला, टीव्ही आला, मोटार आली. माणसं आत गेली. बरोबर आहे. पण हे इतरांनीही लिहिलंय. तुमच्या प्रबंधात यंत्रं फार झाली, दीक्षा. एसी काही स्वतः उठून दार लावत नाही. दार लावलं कोणी?"

"सर, साधनं…"

"साधनं आहेत तुमच्याजवळ. त्या मुलाखती."

त्या मुलाखती म्हणजे अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजच्या मुलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी गिरणी-वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घेतलेल्या. बहुतेक कृष्णवर्णीय, बहुतेक गिरणीत किंवा लोकांच्या घरी राबलेली. कॉलेजनं त्या टाइप करून, आवाजासकट इंटरनेटवर ठेवल्या होत्या. दीक्षानं त्या सगळ्या वाचल्या होत्या, पण काय शोधत? एसी कधी घेतला, टीव्ही कधी आला, गाडी कोणती होती. विचारलं तेवढंच सापडतं.

नत्थूनं काम सुरू केलं ते धडाक्यात. रस्त्याच्या बाजूच्या कडेनं विटांचे थर चढले. भिंत गुडघ्याच्या वर आली आणि पोळा आला.

"पोळा करून येतो," नत्थू म्हणाला आणि खाप्याला आपल्या गावी गेला.

पोळा झाला. तान्हा पोळा झाला, गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढून, खाऊ गोळा करून दमली. नत्थूचा पत्ता नाही. फोन लावला तर म्हणे सोयऱ्याकडं आहो, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी फोनच बंद.

"मिस्त्री आन् पाऊस," कौसल्याबाई म्हणाल्या, "आले त आले."

अर्धवट भिंत तशीच राहिली. पायऱ्यांच्या तोंडाशी संघपालनं एक फळी आडवी लावून दिली. आणि बायका आल्याच. "जागा आहे तवरक बसून घेऊ," म्हणत चटया टाकल्या. वंदना झाली, वाचन सुरू झालं.

मैत्रीला कौसल्याबाईंनी सवयीनं मांडीत धरलं होतं. पोरगी निसटली आणि सवयीनंच कडेकडे निघाली. कडेला आता विटा होत्या. ती थांबली. विटेवर एक हात ठेवला, मग दुसरा, आणि उभी राहिली. इकडे वाचणाऱ्या बाईंचा आवाज तुटला.

"वाच वं तू, वाच," कौसल्याबाई म्हणाल्या. "थे काही पडत नाही आता."

पोरगी भिंत धरून एकेक पाऊल बाजूला सरकत छपरीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथून परत आली. बायकांच्या रांगेसमोरून तिची अशी गस्त सुरू झाली. कोणी तिला धरलं नव्हतं. धरायची गरजच नव्हती.

दीक्षा दारात उभी राहून बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात रिकामे आहेत. ती मधल्या खोलीत गेली, लॅपटॉप उघडला, आणि पोरीच्या जन्मानंतर पहिल्यांदा कुणी "दीक्षा" म्हणून हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. खिडकीतून वाचनाचा एकसुरी, झोपाळ्यासारखा आवाज यायचा, मध्येच कुणाचं तरी "हळू वं पोरी", आणि ती वाचत राहायची. मुलाखती पहिल्यापासून. ह्या वेळी एसी आणि टीव्ही सोडून, सरांचा प्रश्न धरून. दार लावलं कोणी?

आणि मग ते दिसायला लागलं, इतकं की आधी दिसलं नाही ह्याची तिला शरम वाटावी. पोर्च बंद केला, कारण नवऱ्याला लकवा झाला आणि जिना चढवेना. बंद केला, कारण मुलगी बाळंतपणाला आली ती परत गेलीच नाही. बंद केला, मुलगा रात्रशाळेत शिकत होता, त्याला दिवा हवा होता. पानोपानी तेच. यंत्रं नंतर आली होती. आधी घरात कुणाला तरी खोली हवी होती आणि कुणीतरी म्हणालं होतं, घे, माझी बसायची जागा घे.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी ती कप घेऊन छपरीत आली.

"काय लिहून राहिली वं एवढी?" एका बाईनं विचारलं. "आमालेबी सांग."

दीक्षानं सांगितलं. ओडेसाबाईंचं सांगितलं, कारण ती मुलाखत ताजी होती. अलाबामातली म्हातारी, जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. घराला सुरेख पोर्च होता, अख्खी वस्ती तिथं बसायची. मुलगा गिरणीत अपघात होऊन घरी आला, तेव्हा तिनं पोर्च फळ्यांनी बंद करून त्याला खोली करून दिली.

"पोरगा बरा झाला का?"

"झाला. लग्न केलं, मुलं झाली. त्याच खोलीत राहिला."

"चांगलं केलं माऊलीनं," दोघीतिघी म्हणाल्या.

कौसल्याबाई बशीत चहा ओतत होत्या. त्यांनी बशी तोंडाला लावली नाही. "मंग थे बाई संध्याकाळी कुठं बसे?"

"कोण?"

"तुही ओडेसाबाई. छपरी पोराले देल्ली. मंग थे कुठं बसे?"

दीक्षानं आठवून पाहिलं. "ते विचारलंच नाही त्यांनी, आई. मुलाखत घेणाऱ्यांनी."

"पोट्टेच असतीन विचारणारे," कौसल्याबाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

प्रश्न मात्र दीक्षाच्या मागं लागला. टाइप केलेल्या पानांत काही नव्हतं. मुलाखत आभारांशी संपत होती. मग तिनं मूळ टेप लावली. आजवर आवाज ऐकायचे तिनं टाळले होते, म्हातारीचा उच्चार अर्धा कळे, अर्धा निसटे. दुसऱ्या दिवशी एका कानात हेडफोन, दुसरा कान पोरीकडं, असं ती ऐकत बसली. आभार झाले. टेप बंद करायला मुलाखत घेणारी मुलगी विसरली असावी, कारण पुढं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी म्हणाली, इथं फार उकडतंय, आपण बाहेर बसू या का? आणि ओडेसाबाई हसल्या.

तो तुकडा दीक्षानं पुन्हा पुन्हा ऐकला, शब्द न् शब्द पकडेपर्यंत. बाई म्हणत होत्या, बाहेर म्हणजे मुलाची गाडी. घरापुढं उभी असते. मी संध्याकाळी तीत जाऊन बसते, काच खाली करून. येणारे-जाणारे विचारतात, कुठं निघालात? मी म्हणते, कुठंच नाही. आता कोणी विचारतही नाही.

दीक्षानं हेडफोन काढला. बाहेर कौसल्याबाई कुणाला तरी सांगत होत्या की पुढल्या आठवड्यापासून वाचन विहारात, लक्षात ठेवजो.

नत्थू परतला तो खिडकीवाल्याला बरोबर घेऊनच, जणू मध्ये काही झालंच नाही. पिशवीत नंदीच्या आकाराच्या करंज्या होत्या, बायकोनं पाठवलेल्या. दोघं काचांचं माप घ्यायला लागले. रविवार होता, संघपालही घरी होता.

"थांबा, नत्थूभाऊ," दीक्षा म्हणाली. "ह्याच्यावर नको."

"काय नको?"

"वर नका चढवू. इतकीच राहू द्या भिंत."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. कौसल्याबाई सगळ्यात आधी चिडल्या. "काहून? खोली पायजे का नाही तुले? पोरानं एवढं ठरवलं, मी सगळ्याइले सांगून बसली. आता हे काय नवीन?"

"ओडेसाबाई कुठं बसायची ते सापडलं, आई."

"मंग?"

"मुलाच्या गाडीत. घरापुढं उभ्या असलेल्या. काच खाली करून."

कौसल्याबाईंनी गल्लीकडं पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्कुटीकडं.

"आपल्याकडं त गाडी बी नाही," त्या म्हणाल्या. "मी काय तुह्या स्कुटीवर बसू?"

खिडकीवाला फिस्सकन हसला. नत्थूही. मग दीक्षा, आणि शेवटी त्या स्वतः, पदर तोंडाला लावून.

"पण तू लिहिशीन कुठं?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, कारण मूळ मुद्दा सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"इतके दिवस कुठं लिहिलं? आत. पोरगी भिंतीला धरून तुमच्याजवळ होती, मी मधल्या खोलीत होते. मला खोली नव्हती म्हणून नव्हतं अडलं, आई. पोरगी खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून अडलं होतं."

कौसल्याबाईंनी ह्यावर विचार केला. पोरगी त्या क्षणी भिंतीवर थापा मारून विटांची लाल माती खाण्याच्या बेतात होती. त्यांनी तिचा हात झटकला. "बरोबर आहे मॅडमचं," त्या नत्थूला म्हणाल्या.

"बरोबर कसं? लोक म्हणतीन, नत्थूनं काम अर्धं टाकलं."

"लोक काय खोटं म्हणतीन? पोळ्याले गेला थो गेलाच."

"वरून गिलावा करा," दीक्षा म्हणाली. "कोपरे गोल करा, पोरीला लागायला नकोत. आणि वरची बाजू जरा रुंद. बसता येईल अशी."

काचांचा रंग संघपालनं निवडून ठेवला होता, मोबाइलमध्ये फोटो होता, तो दोन-तीनदा त्यानं तिला दाखवलाही होता. तो आत गेला. दीक्षा मागोमाग गेली.

"रागावला?"

"नाही. माह्या मनात होतं का तुले काही करून द्यावं."

"मग दे ना करून. मधल्या खोलीच्या दाराला आतून कडी लाव."

त्यानं दाराकडं पाहिलं. त्या दाराला कडी नव्हतीच. दिवसा दार लावून बसायची ह्या घरात कुणाला सवय नव्हती. लावलंच कुणी, तर काय झालं म्हणून तिघं विचारायला यायची.

"कडीच?" तो म्हणाला. "एवढीशी?"

"तेवढीच."

संध्याकाळी तो बाजारातून कडी घेऊन आला, चांगली जाडजूड पितळी, गोदामाला शोभेल अशी. लावताना दोनदा दार सोलवटलं. आईनं बजावलं, "कडी लागली का हाका मारायच्या नाही. घराले आग लागली तरच."

सहावं प्रकरण त्या कडीआड लिहून झालं. दुपारी थोडं, वाचनाच्या वेळी थोडं. घराला आग लागली नाही, पण पोरीनं एकदा दही अंगावर घेतलं, एकदा शेजारणीचा चष्मा वाकवला, आणि एका संध्याकाळी भिंत सोडून दोन पावलं टाकली. ती दीक्षाला दिसली नाहीत. बाहेर टाळ्या झाल्या तेव्हा ती ओडेसाबाईंच्या वाक्याचं भाषांतर तपासत होती. तिनं कडी काढली, बाहेर आली, तेव्हा पोरगी बसली होती आणि पुन्हा उठायला तयार नव्हती. दीक्षाला ते लागलं. त्या रात्री पोरीला कुशीत घेऊन तिनं ते लागू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी लावली.

रवींद्र सरांनी प्रकरण वाचलं. बराच वेळ ते शेवटच्या पानावर थांबले. "हे गाडीतलं कुठून काढलंत?"

"मुलाखत संपल्यानंतरचं आहे, सर. टेप चालू राहिली होती."

"आणि ते शोधायचं कसं सुचलं?"

"सासूबाईंनी विचारलं, ती बाई मग कुठं बसायची."

सरांनी लाल पेन टोपण लावून खिशात ठेवलं. "ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे ना?"

"पहिलंच आहे."

प्रबंध मुदतीत गेला. विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनानं प्रती मोजल्या, शिक्का मारला, "पुढचं" म्हणाला. बस, एवढंच. दीक्षाला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. स्कुटी चालवताना तिला फक्त भूक लागली.

घरी आली तेव्हा वाचन संपून बायका पांगल्या होत्या. कौसल्याबाई गिलावा केलेल्या भिंतीवर पाय खाली सोडून एकट्याच बसल्या होत्या, मैत्री त्यांच्या पायांत घुटमळत होती.

"देल्लं का?"

"दिलं."

"आता डॉक्टर झाली?"

"अजून नाही, आई. तपासतील, मग तोंडी परीक्षा."

"होशीन," कौसल्याबाई म्हणाल्या आणि सरकल्या. "बस."

दीक्षा पर्स न काढता तशीच त्यांच्या बाजूला टेकली. गल्लीतून शालिकराम भाजीची पिशवी घेऊन चालला होता. पर्स खांद्याला पाहून थांबला.

"काय मॅडम, कुठं निघाल्या?"

"कुठंच नाही, काका," दीक्षा म्हणाली. "बसले आहे."